दुष्काळ आणि चोच

पॅसिफिक महासागरातील गालापागोस द्वीपसमूहात डॅफ्ने मेजर हे एक लहानसे बेट असून, तेथील फिंच पक्ष्यांवर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने 1973 पासून केलेल्या निरीक्षणांमुळे उत्क्रांती डोळ्यांदेखत मोजता येते, हे दिसून आले. 1977 च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया लवकर संपल्या आणि उरल्या त्या बहुतांशी सराट्याच्या एका जातीच्या (महाराष्ट्रातील माळरानांवर अनवाणी पायांना छळणाऱ्या काट्याच्याच भाऊबंदाच्या) टणक फळांतल्या. त्यामुळे ती फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी तुलनेने अधिक तगले. चोचीची जाडी हा गुण आनुवंशिक, म्हणजे आईबापांकडून पिल्लांकडे येणारा असल्याने, पुढच्या पिढीची सरासरी चोच अधिक जाड निघाली. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. मात्र कोणत्याही पक्ष्याची चोच गरजेपोटी वाढली नव्हती. पक्ष्यापक्ष्यांतील भेद आधीपासूनच होते, दुष्काळाने केवळ त्यांचे प्रमाण बदलले, आणि नेमका हाच मुद्दा पाठ्यपुस्तके वाचूनही अनेकदा निसटतो. शिवाय या निवडीला कायमची दिशा नसते, कारण 1983 च्या एल निनोमुळे झालेल्या अतिवृष्टीनंतर बारीक बियांची रेलचेल झाली, तेव्हा पारडे लहान चोचीच्या पक्ष्यांकडे झुकले.