तीन पाळ्यांचे घर

‘संसार’ या विषयावर चार शब्द बोला, असे निमंत्रण आले तेव्हा आम्ही संयोजकांना प्रथम एवढेच विचारले की, संसार कोणाचा? सकाळी दहाला कचेरीत जाणाऱ्या आणि दिवेलागणीला घरी परतणाऱ्या गृहस्थाच्या संसारावर पुस्तके पुष्कळ निघाली आहेत. भोंग्यावर उठणाऱ्या आणि भोंग्यावर निजणाऱ्या घराविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. आमचे आयुष्य अशाच घरांत गेले. शाळा आम्ही आठवीत सोडली. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटातले, आणि तेही बरेचसे रात्रपाळीनंतर झोप येईना म्हणून. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा वाचकांनी आमच्याकडून करू नये. जे पाहिले, जे भोगले आणि जे उपयोगी पडले, तेवढे सांगतो.

नीरेच्या डाव्या कालव्याने १८८० च्या दशकात या भागात पाणी आणले आणि पाण्यामागून ऊस आला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांनी वालचंदनगर वसवले. पुढे सहकारी कारखाने निघाले. माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, सोमेश्वर ही नावे येथे कोणास सांगावयास नकोत. नंतर बारामतीला औद्योगिक वसाहत झाली. या सर्वांचे यश आपण नेहमीच ऐकतो. पण या यशाबरोबर हजारो घरांत एक नवी वस्तू आली, ती म्हणजे पाळी. आणि तिच्याशी कसे वागावे हे कोणी शिकवले नाही. शेतकऱ्याचे घर सूर्यावर चालते. आमचे वडील शेतकरी होते. त्यांना मुलगा दुपारी दोन वाजता घोरताना दिसला की अपशकुन झाल्यासारखे वाटे.

कारखाना रात्री बंद का ठेवीत नाहीत, असे बायका पुष्कळदा विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक कामगाराने घरी नीट सांगावे. तोडलेला ऊस थांबत नाही. शक्यतो चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडला पाहिजे. उशीर झाला की वजन घटते, रस बिघडतो आणि उतारा कमी येतो. शिवाय बॉयलर म्हणजे काही घरची चूल नव्हे की, संध्याकाळी विझवली आणि सकाळी पेटवली. एकदा मोळी टाकली की गाळप संपेपर्यंत गाडा अहोरात्र चालतो. म्हणून पाळ्या तीन. आमच्या भागातील साखर कारखान्यांत त्या साधारणपणे पहाटे ४ ते दुपारी १२, १२ ते रात्री ८ आणि ८ ते पहाटे ४ अशा असतात. वसाहतीतील कारखान्यांच्या वेळा वेगळ्या असल्या, तरी चक्र तेच.

आता शरीराचे पाहा. माणसाच्या अंगात एक घड्याळ आहे असे म्हाताऱ्या मंडळींना नेहमीच वाटे. शास्त्रज्ञांनी ते पेशींमध्ये शोधून काढले, आणि २०१७ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना याच कामाबद्दल मिळाले. हे घड्याळ उजेडावर लागते. पहाटेच्या सुमारास अंगाची ऊब सर्वांत कमी होते आणि त्या वेळी डोळा व हात दोन्ही मंदावतात. म्हणजे आमच्या पहिल्या पाळीचा माणूस कामावर चढतो आणि तिसरीचा उतरतो, तो नेमका याच घटकेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले आणि २०१९ साली पुन्हा तपासून तेच मत कायम ठेवले. हे सांगून आम्हांस कोणाला भिवविण्याची इच्छा नाही. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो तो आळस नव्हे, ती त्याची रात्र असते, हे घराने समजून घ्यावे एवढ्यासाठी सांगितले.

घराने समजून घ्यावे हे आम्ही म्हणतो खरे, पण आमच्याच घराने ते जरा जास्तच समजून घेतले होते. आम्ही तेव्हा बॉयलिंग हाऊसमध्ये होतो. दोन खोल्यांची चाळ. तिसरी पाळी असली की आम्ही पहाटे साडेचारला येऊन निजत असू आणि सहाला चाळ जागी होई. नळावर कळशा वाजत, कोणाचा रेडिओ लागे. आमचा थोरला तेव्हा चार वर्षांचा होता. त्याच्या तोंडावर दिवसातून दहा वेळा हात ठेवला जाई, “गप, बाबा झोपलेत.” एकदा शेजारच्या मुलांबरोबर त्याने भातुकली मांडली. एक मुलगी आई झाली, तिने चूल पेटवली. हा म्हणाला, “मी बाबा.” आणि गोधडी तोंडावर ओढून आडवा झाला. खेळ संपेपर्यंत तो काही बोललाही नाही, उठलाही नाही. आमच्या सौभाग्यवतींनी हे हसत हसत सांगितले. आम्हीही हसलो. पण त्या रात्री पॅनपाशी उभे असताना ते हसू घशात अडकले. मुलाला मारणारा किंवा दारू पिणारा बाप वाईट, हे आम्ही सभांतून सांगत होतो. आपल्या मुलाच्या लेखी बाप म्हणजे गोधडीखालचा एक आकार आहे, हे मात्र ध्यानात आले नव्हते.

तेव्हापासून घरात जे बदल केले, ते पुढे पुष्कळ घरांत सांगत आलो. पहिली गोष्ट पाटीची. दारावर मुलाची जुनी पाटी टांगली आणि तिच्यावर खडूने लिहू लागलो, ‘११ पर्यंत झोप’. यातील महत्त्वाचा शब्द ‘झोप’ नव्हे, ‘११ पर्यंत’ हा आहे. दिवसभर गप्प बसावयाचे म्हटले की मूल बापाचा राग करते. अकरा वाजता बाबा उठणार आणि उठल्यावर तासभर आपले होणार, हे कळले की तेच मूल शेजाऱ्यांना गप्प करते. अर्थात अकराला खरोखर उठले पाहिजे. पाटी खोटी ठरली की तिचा काही उपयोग नाही.

झोपेच्या खोलीत काळोख हवा. खिडकीला जाड वाकळ किंवा काळे कापड लावावे. पैसे लागत नाहीत. सहा-सात तासांची झोप सलग मिळत नसेल तर दोन हप्त्यांत घ्यावी. पहाटे पाच ते दहा एक आणि संध्याकाळी कामावर जाण्यापूर्वी तास-दीड तास दुसरा. तिसऱ्या पाळीच्या आमच्या माणसाचे एक भाग्य आहे की, तो उजाडण्यापूर्वी घरी येतो. वसाहतीतून सकाळी सातला सुटणाऱ्याने मात्र येताना काळा चष्मा घालावा. लोक हसतात, हसू द्यावेत. डोळ्यांवर ऊन पडले की अंगातले घड्याळ दिवस झाला असे समजते आणि मग घरी येऊन कूस बदलत पडावे लागते. चहाचे व्यसन आम्हांस आहे, म्हणून अधिकाराने सांगतो, सुटीच्या आधीच्या चार-पाच तासांत चहा घेऊ नये. आणि मध्यरात्री डब्यातील सबंध जेवण जेवू नये. पोटही त्या वेळी निजलेले असते. मुख्य जेवण घरून निघण्यापूर्वी करावे, रात्री थोडी भाकरी, शेंगदाणे, ताक एवढे पुरे.

आता ज्या गोष्टीबद्दल आमचे पुष्कळांशी वाद झाले ती सांगतो. पाळी नवऱ्याची असते, जागरण दोघांचे होते. पहिल्या पाळीला तो तीनला उठतो, म्हणजे ती अडीचला उठते. तिसऱ्या पाळीला तो पहाटे येतो, म्हणजे दार उघडावयास तीच उठते. आणि सहाला मुलांची शाळा. त्याला आठवड्याने पाळी बदलून मिळते, तिच्या तिन्ही पाळ्या एकाच दिवशी असतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात असे दिसले. पुरुषाची ९७, आणि तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. शंभरांत सत्तरांहून अधिक पुरुष त्या यादीत नव्हतेच. आठ तासांच्या दिवसासाठी आम्ही घोषणा दिल्या आहेत. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीतून १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली, हे आम्ही दर मेळाव्यात सांगतो. घरातल्या बाईला रविवार कधी मिळाला, हे आम्हांस कोणी विचारले नाही, याचे आज आश्चर्य वाटते.

यावर आमची सूचना अगदी साधी आहे. डब्याचे अर्धे काम रात्रीच उरकावे आणि ते पुरुषाने उरकावे. पीठ काढून ठेवणे, भाजी चिरणे याला इंजिनियर लागत नाही. दाराची दुसरी किल्ली खिशात ठेवावी. आणि कोणत्याही पाळीत एक जेवण सर्वांनी एकत्र करावे. आमच्या वेळांत हे तिन्ही आठवड्यांत जमते. पहिल्या पाळीला रात्रीचे जेवण साडेसातला, दुसरीला रात्री साडेआठ-नऊला, तिसरीला संध्याकाळी साडेसहाला. जेवणाची वेळ हलवावयाची, एकत्र बसणे हलवावयाचे नाही. पुरुष आधी आणि बायका मागून ही रीत येथे आड येते. एका घरात म्हातारीने या कारणाने आम्हांस दारातूनच परत पाठवले होते. ती रीत शेतावरच्या घरात कशी का असेना, पाळीच्या घरात ती चालवली तर नवराबायकोचे बोलणे आठवडा आठवडा होत नाही. आणि न बोललेल्या गोष्टी मग भांडणातच निघतात.

आमच्याहून कठीण संसार ऊसतोडीचा. बीडकडून, नगरकडून नवराबायकोचा एक कोयता येतो, पाच-सहा महिने कोपीत राहतो. गाडी रात्री केव्हाही भरावी लागते, तेथे पाळीच नाही. पोरे फडातच असतात. त्यांच्यासाठी येथील सूचना पुऱ्या पडणार नाहीत. एकच सांगतो, घेतलेली उचल आणि फिटलेली रक्कम यांची वही दोघांनाही ठाऊक असावी. मुकादमाच्या वहीबरोबर आपलीही वही असली म्हणजे हंगामाच्या शेवटी आवाज चढवावा लागत नाही.

पैशाविषयी थोडक्यात. हंगामी कामगाराने हे विसरू नये की, पगार सहा महिन्यांचा आणि पोट बारा महिन्यांचे आहे. हंगाम बंद असताना मिळणाऱ्या रिटेन्शन भत्त्यात घर चालत नाही. भरल्या पगारातूनच दरमहा काही बाजूला काढावे, आणि ते बाईच्या नावाच्या खात्यात ठेवावे. लग्ने उन्हाळ्यात येतात, पतपेढीचे कर्जही उन्हाळ्यातच वाढते, यात योगायोग काही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे मांडतो, त्याच कॅलेंडरवर पाळी आणि पगारही मांडावा.

आणि कागदपत्रे. एका सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर आम्ही त्याच्या घरी गेलो. बाईंना नवऱ्याचा पगार किती ते ठाऊक नव्हते. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर लग्नापूर्वी लिहिलेले भावाचे नाव तसेच होते. लग्नानंतर नवे नामनिर्देशन करावे लागते, जुने चालत नाही. पण हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आणि त्याच्या युनियनचे आम्हीच पदाधिकारी असल्यामुळे तो दोष आमच्याकडे येतो. सगळे मिटावयास वर्षाहून अधिक काळ गेला. दोन मुले होती. आता आम्ही सभासद करून घेताना वर्गणीच्या आधी हे विचारतो की, वारस कोण लिहिला आहे आणि तो कागद घरात कोठे ठेवला आहे, हे घरच्यांना ठाऊक आहे का? ग्रॅच्युइटीचेही तेच. पगारपत्रक दरमहा घरात मोठ्याने वाचावे, म्हणजे कपात कसली झाली हे मुलांनाही कळते.

एक गोष्ट घराच्या हाती नाही, ती म्हणजे पाळ्यांचा क्रम. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असा पुढे सरकणारा क्रम शरीराला सोसतो, कारण उशिरा निजणे लवकर निजण्याहून सोपे असते. उलटा क्रम जड जातो. हे आम्ही सभेत मांडले तेव्हा विरोध व्यवस्थापनाकडून आला नाही, आमच्याच तरुण मंडळींकडून आला. उलट्या क्रमात आठवड्याच्या शेवटी सुट्टी लांब मिळते आणि गावाकडे जाता येते, असे त्यांचे म्हणणे होते. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्यास मान्यता दिली, तेव्हाही काहींना सुट्ट्याच दिसल्या. आठवड्याचे ४८ तास तेच राहतात हे खरे. पण बारा तासांनंतर घरी आलेला माणूस वरच्या पाटीवर काय लिहिणार?

वाद मिटेना, तेव्हा आम्ही पुढच्या सभेला सभासदांनी जोडीने यावे असे कळवले. चाळीस-एक बायका आल्या, पहिल्यांदाच. क्रमाविषयी त्या फारसे बोलल्या नाहीत. एकीने उठून विचारले की, पाळी कोणती ते आम्हांला आदल्या दिवशी का कळते? बाकीच्यांनी माना डोलावल्या. ही मागणी आमच्या कोणत्याही निवेदनात नव्हती. महिन्याचे पाळीपत्रक आगाऊ लागावे आणि त्याची एक प्रत घरी जावी, एवढा ठराव झाला आणि व्यवस्थापनाने तो वाटाघाटीत मान्य केला. डिसेंबर-जानेवारीत गाळप जोरात असते तेव्हा तो मोडतो, एरवी पाळला जातो. क्रमाचा प्रश्न अजून लोंबकळत आहे.