क्षार, लवण आणि अल्क : सागरी मत्स्यपेटीच्या जलपरीक्षणातील एक संज्ञासंकर

घरी सागरी मत्स्यपेटी ठेवणाऱ्यास पाण्याच्या ज्या परीक्षा नित्य कराव्या लागतात, त्यांत दोन विशेष महत्त्वाच्या होत. पाण्यात विरघळलेले एकूण मीठ किती, ही पहिली. आणि आम्ल पडले असता ते निष्प्रभ करण्याची पाण्याची शक्ती किती, ही दुसरी. या अगदी भिन्न गोष्टी आहेत. परंतु मराठीत दोहोंसाठी पुष्कळदा ‘क्षारता’ हा एकच शब्द योजला जातो, आणि मग पाणी बिघडते ते शब्दामुळे.

१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या दाराशी समुद्र होता. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येथे कोणी अशी पेटी मांडू म्हटल्यास त्याला समुद्र घरीच कालवावा लागेल. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी त्या कामी सरळ वापरता येत नाही. काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपताना ते कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे सोबत आणते. म्हणजे मीठ घालण्यापूर्वीच त्यात काही अल्कता असते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, म्हणून अशा पाण्याला लोक ‘जड’ म्हणतात; पाठ्यपुस्तकांत त्यासाठी ‘दुष्फेन’ हा शब्द येतो, आणि ‘जड पाणी’ हे नाव अणुभट्टीतील ड्यूटेरियमयुक्त पाण्यास दिले जाते. सागरी पेटीसाठी हे सर्व गाळून काढलेले शुद्ध पाणी घ्यावे व त्यात तयार सागरी मीठ विरघळवावे, हाच सुरक्षित मार्ग होय.

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम लवणे असतात. ही लवणता अपवर्तनमापकाने किंवा विशिष्ट गुरुत्वावरून मोजतात. २५ अंश सेल्सियसला ते सुमारे १.०२६ भरते. अल्कतेचे मापन निराळे. पाण्याच्या ठरावीक नमुन्यात रंगसूचक घालून आम्लाचा एकेक थेंब सोडावयाचा व रंग पालटेपर्यंत थेंब मोजावयाचे. परिणाम बहुधा जर्मन अंशांत देतात. एक अंश म्हणजे लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटाशी तुल्य अल्कता. निसर्गातील समुद्रजल सुमारे साडेसहा ते सात अंशांचे असते. कवच वा सांगाडा बांधणारे जीव ही अल्कता सतत खर्चितात. दगडी प्रवाळ त्यांत अग्रगण्य. पण ते २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने आपल्या समुद्रातून काढून घरी आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि, दगडांवर चुन्याचा गुलाबी थर चढविणारी शेवाळेही हाच खर्च करतात, म्हणून प्रवाळ नसतानाही ही परीक्षा टळत नाही.

आता शब्दाकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षारपाकविधीचा स्वतंत्र अध्याय आहे. तेथील क्षार म्हणजे वनस्पतींच्या राखेपासून सिद्ध केलेला दाहक पदार्थ, आजच्या भाषेत अल्क. लवणांचा वर्ग तेथे वेगळा आहे. ‘क्षार’पासून आलेल्या ‘खार’ या तद्भवाने मात्र मराठीत दोन्ही घरांशी सोयरीक केली. पापडखार हा अल्कधर्मी पदार्थ. खारे दाणे हे मिठाचे. स्वयंपाकघरात यामुळे कोणाचे अडत नाही, कारण डबे वेगळे असतात. पुढे शास्त्रीय परिभाषा ठरताना भाषांनी भिन्न वाटा धरल्या. मराठी पाठ्यपुस्तकांत आम्ल व आम्लारी यांच्या संयोगातून ‘क्षार’ व पाणी निर्माण होते. गुजरातीतही ‘क्षार’ म्हणजे मीठच. हिंदीत याउलट मिठास ‘लवण’ म्हणतात, आणि ‘क्षार’ म्हणजे अल्क. तेव्हा हिंदीतील ‘क्षारीयता’ आणि मराठीतील ‘क्षारता’ हे शब्द दिसण्यात सख्खे, पण अर्थाने परके होत.

अक्कलकुव्याच्या पश्चिमेस गुजरात आहे. घरी वसावी वा देहवाली, बाजारात गुजराती व हिंदी, शाळेत मराठी असा व्यवहार तेथे नवलाचा नाही. अशा वाचकाच्या हाती ‘क्षारीयता कमी’ असे सांगणारी हिंदी सूचना पडली व त्याने शाळेत शिकलेल्या अर्थाने मीठ घातले, तर लवणता चढेल आणि अल्कता जवळजवळ होती तेथेच राहील. प्रमाणातील अंतर पाहिले म्हणजे या चुकीचे गांभीर्य ध्यानी येते. १०० लिटर पाण्याची अल्कता एका अंशाने वाढविण्यास खाण्याचा सोडा सुमारे ३ ग्रॅम पुरतो. तेवढ्याच पाण्यास समुद्राची लवणता देण्यास साडेतीन किलोग्रॅमहून अधिक मीठ लागते. उलट, लवणता कमी असता कोणी सोडा ओतीत राहिला, तर कॅल्शियम कार्बोनेटाचा पांढरा साका बसू लागतो आणि जे कॅल्शियम राखावयाचे तेच पाण्यातून निघून जाते.

इंग्रजीही या बाबतीत निर्दोष नाही. तेथे अल्कधर्मी असणे व अल्कता असणे यांची नावे एकाच धातूची असल्याने नवशिक्यांचा गोंधळ होतो. मराठी शेतीसाहित्याने रूढ केलेला ‘सामू’ हा शब्द येथे फार उपयोगी आहे; समुद्राचा सामू ८.१ च्या आसपास असतो, असे म्हटले की अल्कतेशी त्याची गल्लत होत नाही. नायट्राइट व नायट्रेट या नावांत मात्र थोडेच अंतर आहे, व घाईत लिहिलेल्या नोंदवहीत तेही उरत नाही.

पेटीपुरते ‘लवणता’, ‘अल्कता’ व ‘सामू’ हे तीन शब्द घेऊन ‘क्षारता’ अजिबात वर्ज्य करणे इष्ट होय. हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न मानू नये. ‘क्षारपड’ हा शब्द बोलण्यात लवणयुक्त व चोपण अशा दोन्ही जमिनींना लावतात. पहिलीला निचरा व चांगल्या पाण्याने धुणे पुरते. दुसरीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेले असते व तेथे प्रथम जिप्सम लागते. चोपण जमीन नुसतीच धुतली, तर तिचे कण अधिक विखुरतात, पाणी मुरणे थांबते आणि जमीन आधीपेक्षा घट्ट होते.