विज्ञान आणि शिक्षक – लेखांक ६ : घोडेगावची सावली

मागील लेखांकात युरोपातील शिक्षकांसाठी २००६ पासून निघणाऱ्या ‘सायन्स इन स्कूल’ या नियतकालिकाचा परिचय करून दिला होता. सर्न, युरोपीय दक्षिण वेधशाळा यांसारख्या संशोधनसंस्थांचा संघ ते चालवितो व शिक्षकांना ते विनामूल्य मिळते. प्रयोगशाळेतील नवे ज्ञान विलंब न लागता वर्गापर्यंत पोहोचावे ही त्यामागील दृष्टी, आणि १९२८ साली ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू करणाऱ्या आपल्या विद्वानांची दृष्टीही याहून फारशी निराळी नव्हती.

तथापि कांद्याच्या व जनावरांच्या बाजारासाठी नगर जिल्ह्यात ख्यात असलेल्या घोडेगावच्या शिक्षकास अशा वार्तांनी केवळ कुतूहल वाटून भागणार नाही. त्याच्या अंगणात घडण्याजोगे काही त्यास हवे, आणि ते तेथे आहे. हे गाव एकोणीस अक्षांशांच्या किंचित उत्तरेस, म्हणजे कर्कवृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस असल्यामुळे १७ मे व २६ जुलै यांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी लुप्त होते. बर्लिनच्या मुलास हा चमत्कार आपल्या शाळेत जन्मभर दिसावयाचा नाही. दुर्दैव इतकेच की मे महिन्यात शाळेला सुटी असते, आणि तालुका पर्जन्यछायेतला असूनही जुलैचे आभाळ बहुधा झाकलेले असते.

म्हणून सूर्य विषुववृत्तावर असण्याचा दिवस, २३ सप्टेंबर, गाठावा. त्या दिवशी एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने उभी करून, तिच्या सावलीचे टोक दर पाच मिनिटांनी खडूने नोंदवीत गेल्यास, सर्वांत आखूड सावली घड्याळाच्या बारा वाजता न पडता साडेबाराच्या थोडी आधी पडते असे आढळेल. कारण आपली घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली असून घोडेगाव त्याच्या साडेसात अंशांहून किंचित अधिक पश्चिमेस आहे, आणि दर अंशास चार मिनिटे लागतात; शिवाय त्या दिवसांत सूर्य घड्याळाच्या काही मिनिटे पुढे असतो. ती सावली सुमारे ३५ सेंटिमीटर भरेल. काठी व सावली यांचा काटकोन त्रिकोण प्रमाणात कागदावर काढून वरचा कोन कोनमापकाने मोजला, की गावाचा अक्षांश हाती येतो. त्रिकोणमिती न शिकलेल्या मुलासही हे साधते.

याच दिवशी बेळगावच्या एखाद्या शाळेनेही काठी रोवली, तर तेथे सावली २८ सेंटिमीटरच्या आसपास पडेल व कोनांत साडेतीन अंशांचे अंतर निघेल. ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर असून त्यांतील दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून सुमारे ३९० किलोमीटर भरते. त्यावरून त्रैराशिकाने पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या जवळपास येतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने अलेक्झांड्रियात हीच रीत वापरली होती. मात्र सावली एका सेंटिमीटरने चुकली तर कोन अर्ध्या अंशाने बदलतो आणि परिघात सहा-सात हजार किलोमीटरांचा फरक पडू शकतो. म्हणून मुलांनी चार काठ्यांची मापे घेऊन त्यांची सरासरी काढावी, आणि आलेला आकडा पुस्तकातील आकड्याशी जुळविण्यासाठी खोडून लिहू नये, एवढा दंडक शिक्षकाने कसोशीने पाळावा.