टेकडीवर झाड लावताय? आधी माती बघा

रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर एका सोसायटीची मंडळी भेटली. हातात गुलमोहराची रोपं, आणि उत्साह तर विचारू नका! एक काकू म्हणाल्या, "अहो, इथे नक्की काय जगेल?"

पुण्याच्या टेकड्यांवर बऱ्याच ठिकाणी माती जेमतेम वीतभर, खाली काळा कातळ. इथे सालई, मोई, पांगारा, धावडा, गणेर ही झाडं तग धरतात. दिसायला साधी, पण चिवट!

गुलमोहर मात्र इथला नाही, मूळचा मादागास्करचा. गिरिपुष्पाचं झाडही बाहेरचंच, मध्य अमेरिकेतलं. टेकड्या झटपट हिरव्या दिसाव्यात म्हणून लावलं आणि सगळीकडे माजलं.

मोकळं गवताळ माळरान दिसलं तर तिथे खड्डेच खणू नका. गवत कार्बन मुळांत आणि मातीत साठवतं. ती जागा 'रिकामी' नसते.

पावसाने जोर धरला की रोप लावा. प्लास्टिकची पिशवी काढूनच (हो, हे सांगावं लागतं!). बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा. हिवाळा सरताच आजूबाजूचं वाळलं गवत काढा, नाहीतर वणव्यात सगळं जातं. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी हवंच. फोटोला पन्नास जण येतात, एप्रिलमध्ये कॅन घेऊन चढणारे किती?

आणि जागा वनखात्याची असेल तर आधी परवानगी घ्या.

तुमच्याकडची जमीन कशी आहे? कळवा, झाडं सुचवतो.