ठाण्याच्या दप्तरातली चोरी

भारतातील चोऱ्यांची देशव्यापी वार्षिक आकडेवारी 1953पासून मिळते. पहिल्या पन्नास वर्षांतले आकडे चोरांपेक्षा पोलीस ठाण्यांविषयीच अधिक सांगतात. 1953 मध्ये घरफोडीचे सुमारे दीड लाख गुन्हे दाखल झाले, 2006 मध्ये नव्वद हजारांच्या आसपास. लोकसंख्या मात्र या काळात तिपटीने वाढली. घरे एवढी सुरक्षित झाली होती, यावर कोणाचा विश्वास बसेल? दाखल गुन्हे वाढले की ठाणे अंमलदाराला वरिष्ठांपुढे उत्तर द्यावे लागे. त्यामुळे फिर्याद लिहून घेण्याऐवजी वस्तू ‘गहाळ’ झाल्याचा दाखला हाती देण्याची रीत पडली.

ही रीत मोडू लागली ती 2011 नंतरच्या दशकात. 12 नोव्हेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे बंधनकारक ठरवले. दिल्लीत 2015पासून वाहनचोरीची फिर्याद घरबसल्या देता येऊ लागली. मुंबईत लोहमार्ग पोलिसांनी लोकलमध्ये हरवलेल्या मोबाइलचे गुन्हे दाखल करायला सुरुवात केली आणि तिथला आकडा वर्षभरात कित्येक पटींनी फुगला. 2019 मध्ये देशात चोरीचे पावणेसात लाखांच्या घरात गुन्हे नोंदले गेले. त्यांतले तिसऱ्या हिश्शाहून अधिक एकट्या दिल्लीतले होते; लोकसंख्येत दिल्लीचा वाटा दोन टक्केही नाही. याचा अर्थ दिल्ली चोरांनी भरली असा लावला गेला आणि प्रामाणिकपणे लिहून घेणारे पोलीसच नालायक ठरवले गेले. हा सरळ अन्याय होता. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे आकडा पाच लाखांखाली आला. त्या घसरणीत मात्र रिकाम्या रस्त्यांचा आणि माणसांनी भरलेल्या घरांचा खरा हात होता. पुढे आकडा पुन्हा चढला.

1 जुलै 2024पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि प्रामाणिक नोंदणीच्या या कमाईला तडा गेला. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. जुनी सायकल, स्वस्तातला मोबाइल, गॅसची टाकी, शेतपंपाची केबल यांच्या चोऱ्या बहुधा या मर्यादेत येतात, आणि त्या सोसणारा माणूस रोजंदारी बुडवून न्यायालयाच्या पायऱ्या चढत नाही. यापुढे दखलपात्र चोऱ्यांचा आकडा उतरला, तर त्यातून या चोऱ्या किती वगळल्या गेल्या हे आधी तपासावे लागेल.