वाढवलेला पाटा आणि फसलेला ब्रेक

सायखेड्यात कोणी जुनी पिकअप घेतली की पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी ठरलेल्या. गाडीला हार-नारळ होतो, पुढच्या काचेवर कुलदैवताचं नाव येतं आणि कोणीतरी जाणता माणूस मागच्या चाकाशी वाकून सांगतो, "पाटा वाढवून घे भाऊ, कांदा भरल्यावर गाडी बसायची नाही." पहिल्या दोन गोष्टींबद्दल विज्ञानाला काही म्हणायचं नाही. तिसरीबद्दल बरंच म्हणायचं आहे.

निफाड तालुक्यातल्या या गोदाकाठच्या गावात पिकअपला रिकामं बसायला सवड नसते. कांद्याच्या हंगामात खुला कांदा भरून लिलावाच्या रांगेत, टोमॅटो सुरू झाला की क्रेटच्या थप्प्या घेऊन पिंपळगाव बसवंतला, मधल्या काळात खताच्या गोण्या, द्राक्षबागेचं सामान, कधी वऱ्हाड. नव्या गाडीचा हप्ता एका पडलेल्या बाजारभावात डोईजड होतो, म्हणून चार-सहा वर्षं वापरलेल्या गाडीला गिऱ्हाईक कायम. अशा गाडीचा पत्रा, रंग आणि इंजिनाचा आवाज सगळेच बघतात. मागच्या हौद्याखाली मात्र मान घालून फार थोडे बघतात आणि बघतात तेही पाटे मोजायला.

पाट्यांची जुडी म्हणजे पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या, मोठीखाली लहान अशा रचलेल्या. वजन पडलं की सगळ्या मिळून वाकतात, उतरलं की पुन्हा कमान धरतात. वाकताना पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यात खड्ड्याचा थोडा धक्का जिरतो. पाच सारख्या पट्ट्यांत तशीच सहावी घातली तर जुडी साधारण २० टक्के ताठ होते. इथपर्यंत हिशेब सरळ आहे. पण गॅरेजमध्ये हाताशी असेल ती पट्टी घातली जाते आणि ती बहुधा जास्त जाड असते. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरची पट्टी घेतली तर ती एकटीच जवळजवळ दोन पट्ट्यांचं काम करते.

मालकाला हे ऐकून आनंदच होईल. पण जुडीतल्या सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच वाकतात आणि सारख्या वाकणाऱ्या पट्ट्यांत जी जाड तिच्या पृष्ठभागावर ताण जास्त. म्हणून पुष्कळदा मजबुतीसाठी घातलेला जाड पाटाच आधी तडकतो. मेस्त्री म्हणतो पाट्याचं पोलाद हलकं होतं. असेलही, पण चांगल्या पोलादाचा असता तरी जास्तीचा ताण त्याच्याच वाट्याला आला असता.

खरी गडबड ब्रेकमध्ये होते. अनेक पिकअपच्या चेसीला, मागच्या अ‍ॅक्सलच्या जरा पुढे, एक मुठीएवढा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्यातून निघालेला दांडा किंवा स्प्रिंग अ‍ॅक्सलला जोडलेली असते. याला एलएसपीव्ही म्हणतात, म्हणजे गाडीवर माल किती आहे हे ओळखून मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह. त्याची गरज अशी: रिकाम्या पिकअपचं मागचं टोक हलकं असतं. तिथे पूर्ण दाबाने ब्रेक लागला तर मागची चाकं जाम होतात, पावसात तर लगेच, आणि गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं. माल भरल्यावर त्याच चाकांवर वजन येतं, टायरची पकड वाढते, तेव्हा तिथे जोरात ब्रेक लागायलाच हवा.

आता या व्हॉल्व्हला वजन कळतं कसं? त्याच्यात काटा नाही. चेसी आणि अ‍ॅक्सल यांच्यातलं अंतर एवढंच तो बघतो. माल भरला, पाटे दबले, अंतर कमी झालं, की दांडा व्हॉल्व्ह उघडतो. पाटा वाढवल्यावर तोच माल भरूनही चेसी पूर्वीइतकी खाली येत नाही. व्हॉल्व्हचा समज होतो की गाडी अर्धी रिकामी आहे. तो मागच्या ब्रेकला दाब हात राखून देतो. दीड टन कांदा मागे आणि थांबवायचं बरंचसं काम पुढच्या दोन चाकांवर! गाडी 'बसत नाही' याचं मालकाला समाधान असतं, ती थांबायला जास्त रस्ता खाते हे त्याला एखाद्या दिवशी अचानक समजतं. काही ठिकाणी तर या व्हॉल्व्हचा दांडा कटकट म्हणून तारेने वर बांधून टाकलेला सापडतो. मग उलटा धोका, म्हणजे परतीच्या रिकाम्या खेपेला मागची चाकं जाम होण्याचा. जुनी गाडी घेताना पाटे मोजाच, पण तो दांडा जागेवर आहे का आणि हाताने हलवल्यावर हलतो का, हेही बघा. आधीच्या मालकाने पाटा वाढवलेला असेल तर मूळ जुडी परत बसवून घेणं उत्तम. निदान कंपनीच्या मापाने व्हॉल्व्ह नव्याने लावून घ्यावा.

थांबण्याचा विषय निघालाच आहे तर त्यातली उष्णताही मोजू. माल धरून तीन टनांची गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर तिच्यात सुमारे ४ लाख १७ हजार जूल ऊर्जा असते. ती थांबवायची म्हणजे ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता म्हणून ओतायची. तेवढ्या उष्णतेत जवळपास दीड लिटर पाणी चहाच्या आधणाइतकं तापतं. वेग ८० केला की ऊर्जा पावणेदोन पटीहून थोडी जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. आणि हे एकदा थांबण्याचं झालं. टोमॅटो घेऊन कसारा घाटातून वाशीला उतरणाऱ्या गाडीचं गणित वेगळं. तीन टन वजन उभ्या उंचीत १०० मीटर खाली येतं तेव्हा सुमारे २९ लाख जूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे ६० च्या वेगावरून सात वेळा पूर्ण थांबण्याइतकी. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवत उतरणारा ती सगळी ब्रेकच्या गळ्यात घालतो. खालच्या गिअरमध्ये उतरलं की बराच भार इंजिन उचलतं, आणि वर अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असल्यामुळे त्या वेळी आधुनिक डिझेल इंजिन डिझेल घेतही नाही. न्यूट्रलचा मोह नेमका कशासाठी, हे मला कधी उलगडलेलं नाही.

म्हणूनच जुन्या गाडीला हात लावायचा तर पहिलं काम इंजिन ऑइलच्याही आधी ब्रेक ऑइल बदलण्याचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-३ प्रतीचं कोरं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळावं असं मानक सांगतं. ओल मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात ब्रेक तापले की असं ऑइल नळीतच उकळतं. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दबते, आणि पेडल तळाला टेकलं तरी गाडी चालतच राहते. आधीच्या मालकाने ते कधी बदललं हे विचारण्यात अर्थ नाही. आपण बदलून तारीख लिहून ठेवावी. खर्च शे-पाचशेच्या घरातला.

गाडी किती भरायची हा वाद मिटवायला आपल्याकडे एक उत्तम उपकरण आहे आणि आपण त्याचा निम्माच उपयोग करतो. भुईकाटा. सगळी गाडी चढवून वजन घेतो, पावती खिशात घालतो, संपलं. त्याऐवजी एकदा फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन आकडा बघावा आणि मग पूर्ण गाडीचा. दोन्हींमधला फरक म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरचं वजन. समजा, पूर्ण वजन ३,००० किलो आलं आणि पुढच्या चाकांवर १,१०० किलो. मागे १,९०० पडले. हा आकडा मागच्या दोन टायरांच्या क्षमतेशी ताडून बघायचा. ती टायरच्या बाजूवर छापलेलीच असते. पूर्ण वजन आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाशी ताडायचं. पाटा वाढवल्याने यातला एकही आकडा बदलत नाही. टायर, बिअरिंग, अ‍ॅक्सलचं हौसिंग, चेसी यांना पाट्याची खबर नसते.

याच काट्यावर माल कुठे ठेवला याचाही हिशेब लागतो. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर धरू. एक टन मालाचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे गेला तर मागच्या चाकांवर एक टन नाही, ११०० किलो येतात, आणि वरचे १०० किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं ते यामुळे. खुला कांदा हौद्यात आपोआप पसरतो. क्रेटचं तसं नाही, भरणारा फाळक्याकडून सुरुवात करतो, पुढे जागा राहते आणि फाळका उघडा टाकून त्यावरही एक रांग चढते. हौदा मागे वाढवून घेणाऱ्यांनी हे गणित वेल्डिंगच्या आधी करावं. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल परस्पर करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहेच, पासिंगच्या वेळी ती आठवते.

सायखेड्यात गाडी विकत घेताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. ऑगस्ट २०१६ आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी सायखेडा-चांदोरीत शिरलं. अशा पुरात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून छान दिसते. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते बहुधा लगेच उघडं पडतं, कारण पिस्टनला हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. लपून राहतं ते मागच्या अ‍ॅक्सलच्या हौसिंगमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या पेटीत. धावून आलेल्या गाडीचं डिफरन्शियल तापलेलं असतं. आतली हवा ८० अंशांची असताना हौसिंग २५ अंशांच्या पाण्यात बुडालं तर आतल्या हवेचा दाब सुमारे एक षष्ठांशाने उतरतो. हौसिंगच्या डोक्यावर हवा ये-जा करायला एक छोटं ब्रीदर असतं. ते किंवा अ‍ॅक्सलचं ऑइल सील थकलेलं असेल तर तिथून पाणी आत ओढलं जातं. त्यासाठी गाव बुडावं लागत नाही, पावसाळ्यात एखाद्या फरशी पुलावरून चाकभर पाण्यातून गाडी काढली तरी पुरे. हौसिंगची फिलर प्लग उघडून बोट बुडवावं. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे, आणि पाणी मिसळलेलं ऑइल क्राऊन-पिनियनच्या दातांमध्ये हवा तेवढा थर धरत नाही. शिवाय सीटखालच्या स्प्रिंगा, डॅशबोर्डमागचे कोपरे, वायरिंगचे कनेक्टर बघावेत. कनेक्टरच्या तांब्यावर हिरवट थर आणि कोपऱ्यात बारीक गाळ असेल तर विक्रेता काहीही सांगो, गाडी पाण्यात होती.

गंजाबद्दल एकच सांगतो. हौद्याच्या पत्र्याला जपायचं म्हणून लोक त्यावर प्लायवूड किंवा रबरी मॅट ठोकतात. खाली ओल अडकते. जिथे प्राणवायू कमी पोहोचतो तो पत्रा आणि जिथे जास्त पोहोचतो तो शेजारचा पत्रा यांच्यात बारीक विद्युतघट तयार होतो आणि झाकलेला भाग झिजत जातो. त्यात पोटॅशच्या फाटक्या गोणीतून सांडलेलं खत मिसळलं की क्लोराइडमुळे काम आणखी वेगाने होतं. खत वाहिल्यावर त्याच दिवशी हौदा धुवावा, मॅट उचलता येईल अशी ठेवावी, आणि तळातली पाणी जायची भोकं खिळ्याने मोकळी करावी. रंगाच्या डब्यापेक्षा तो खिळा जास्त उपयोगी पडतो.

उरली हौस. जादा लाइट, मोठा हॉर्न, टेप. ५५ वॅटचे दोन जादा दिवे १२ व्होल्टवर नऊ अँपिअरहून जास्त प्रवाह ओढतात. तो मूळ वायरीला टाचण मारून, डॅशबोर्डमधल्या छोट्या बटणातून नेला तर वायर तापते, आणि प्रवाह दुप्पट केला की तापणं चौपट होतं. रिले आणि वेगळा फ्यूज घालून जाड वायर थेट बॅटरीवरून घेतली की प्रश्न मिटतो. हे काम इलेक्ट्रिशियन तासाभरात करतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी तांब्याची तार गुंडाळलेली एखाद्या जुन्या गाडीत सापडली, तर ती काढून आधी फ्यूज का उडत होता ते शोधायला सांगा. बहुतेकदा वायर चेसीच्या कडेला घासून उघडी पडलेली असते, आणि तिच्यापासून डिझेलची नळी फार लांब नसते.