पहिली गाडी : आधी पाय टेकू द्या, मग किल्ली द्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की वस्तीतल्या बऱ्याच घरांत गाडीचा विषय निघतो. कॉलेज लांब असते, बस वेळेवर येत नाही, शेअर रिक्षाला रोज पैसे जातात. मुलगी नर्सिंगला लागली तर तिची ड्यूटी कधी पहाटे सुरू होते, कधी रात्री संपते. मुलाला डिलिव्हरीचे काम मिळण्यासारखे असते, पण त्याला गाडी लागते. ही गरज खरी आहे, तिला चैन म्हणता येणार नाही. अडचण निवडताना होते. पोराने मोबाईलवर चिखल उडवत टेकाडावरून झेप घेणारी उंच गाडी पाहिलेली असते आणि त्याला तीच हवी असते. आईवडील हप्ता किती बसतो एवढेच विचारतात. गाडी पोराच्या अंगाला बसते का, हे विचारायचे राहून जाते.

आरोग्याच्या पानावर गाडीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा ५०,०२९ आहे, आणि त्यांतले १४,३३७ जण मागे बसलेले होते. आपल्या घरांत शिकून कमावू लागलेले पहिले पोर अनेकदा अख्ख्या घराचा आधार असते. ते सहा महिने खाटेला खिळले तर हप्ता थांबत नाही, पण धाकट्या भावंडाची फी थांबते. म्हणून पहिली गाडी घेताना पुढच्या गोष्टी नीट पाहा.

वय आधी बघा

कायद्याने गिअरची गाडी चालवायला १८ वर्षे पूर्ण लागतात. १६ ते १८ या वयात पालकांच्या संमतीने फक्त ५० सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचे लायसन मिळते, आणि अशी नवी पेट्रोल गाडी आज दुकानात जवळपास मिळत नाही. ११० सीसीची स्कूटर बिनगिअरची असली तरी ती या सवलतीत बसत नाही. हे अनेकांना माहीत नसते.

२०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात १९९ अ हे कलम आले. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत लायसन मिळत नाही. ज्याला पुढे गाडीवरच पोट भरायचे आहे, त्याची ऐन उमेदीची सात-आठ वर्षे अशी वाया जातात.

अठराच्या आतल्या मुलांसाठी सायकल चांगली. बॅटरीची कमी वेगाची स्कूटरही चालते. जिची मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आहे, तिला नोंदणी आणि लायसन लागत नाही. मात्र दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका, त्या मॉडेलच्या मान्यतेचा कागद मागा. वेगाची मर्यादा काढून दिलेली गाडी या सवलतीत येत नाही. आणि वेग कमी असला तरी हेल्मेट घालायचेच.

पाय टेकतात का?

नवशिका गाडी पाडतो तो बहुतेक वेळा जोरात जाताना नव्हे. सिग्नलला, वळणावर, गल्लीच्या तोंडाशी, गाडी जवळजवळ उभी असताना तो तोल घालवतो. त्या क्षणी पाय जमिनीला नीट टेकला तर गाडी सावरते. नुसती बोटे टेकली तर गाडी कलते आणि घोटा किंवा नडगी तिच्याखाली सापडते.

सीटची उंची कंपनीच्या माहितीपत्रकात मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ॲक्टिव्हासारख्या ११० सीसीच्या स्कूटरची सीट साधारण ७६५ मिलिमीटरवर असते आणि वजन १०५-११० किलोच्या आसपास. स्प्लेंडरची सीट सुमारे ७८५, वजन ११२ किलोच्या आसपास. पल्सर एनएस २०० ची सीट ८०५ आणि वजन दीडशे किलोच्या वर. खडकाळ वाटांसाठी बनवलेल्या एक्सपल्स २०० ची सीट ८२५ आणि वजन १५५ किलोच्या वर. ती उंच असते कारण खालचे इंजिन दगडांना लागू नये. पाच फूट तीन इंचाच्या पोराला ती उंची सिग्नलला जड जाते. त्यात त्याच्या आणि गाडीच्या वजनात शंभर किलोचा फरक पडला तर कललेली गाडी त्याला एकट्याने सावरता येत नाही.

म्हणून पोराला सोबत नेल्याशिवाय गाडी ठरवू नका. रोज घालतो ती चप्पल नव्हे, बूट घालून न्या. दुकानात, गाडी बंद असताना, त्याला चार गोष्टी करायला सांगा. सीटवर बसून दोन्ही पाय एकाच वेळी टेकवायचे. निदान पुढचा अर्धा तळवा जमिनीवर पूर्ण बसला पाहिजे. गाडी मधल्या स्टँडवर लावायची आणि उतरवायची. बसल्या बसल्या पायांनी ती चार पावले मागे ढकलायची. खाली उतरून हँडल धरून गाडी गोल फिरवायची. हे चारही एकट्याला, धाप न लागता जमले तर गाडी त्याच्या मापाची. कोणी म्हणेल, "दोन महिन्यांत सवय होईल." पण पडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो याच दोन महिन्यांत.

मुलीसाठी घेताना तर हे माप नक्की करा. भावाच्या उंचीची गाडी घेऊन "तूही चालव" म्हटले की ती गाडी भावाचीच होते.

ताकद किती हवी?

स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाडीची ताकद साधारण ८ अश्वशक्ती असते. दोनशे सीसीच्या अनेक गाड्यांची २४-२५, म्हणजे तिप्पट. नवशिका क्लच एकदम सोडतो, गाडी झटका देते, अंग मागे फेकले जाते आणि मूठ धरलेला उजवा हात आपोआप ॲक्सिलरेटर आणखी पिळतो. शंभर सीसीची गाडी अशा वेळी गचका खाऊन बहुधा बंद पडते. दोनशे सीसीची समोरच्या भिंतीवर जाते.

वेगाचा हिशेब घरातल्या सगळ्यांना सांगा. ताशी ४० ला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ताशी ६० ला जवळजवळ १७ मीटर. समोर पोर आडवे आले हे दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. ब्रेक लागायला त्यानंतर सुरुवात होते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. वस्तीतून कॉलेजला आणि कामाला जायला १०० ते १२५ सीसी पुरेसे आहे. पेट्रोल कमी लागते, सुटे भाग स्वस्त मिळतात आणि कोणत्याही नाक्यावर मेकॅनिक सापडतो.

ब्रेक आणि काढून टाकलेल्या वस्तू

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेकची सोय सक्तीची आहे. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. १२५ च्या वरच्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा असते. त्याआधीची जुनी गाडी घेत असाल तर हे दोन्ही बहुधा नसेल. पुढच्या ब्रेकने पोरे घाबरतात, पण कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे निम्म्याहून जास्त काम तोच करतो. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबत जायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. वाळू, ओले पेव्हर ब्लॉक आणि गटाराचे झाकण दिसले तर ब्रेक त्याच्या आधीच लावून वेग उतरवायचा.

आपल्याकडे बहुतेक गाड्या जुन्या घेतल्या जातात. त्या दिवसाउजेडी बघा. टायरच्या नक्षीची खोली, पुढच्या दांड्यांमधून गळणारे तेल, सरळ न चालणारे चाक, आरसे आणि इंडिकेटर तपासा. शोभेसाठी काढलेले साडीगार्ड आणि मागच्याने धरायची पकड परत बसवून घ्या. मागच्या चाकावर आच्छादन आणि मागे बसणाऱ्यासाठी पकड असणे नियमाने बंधनकारक आहे. आईचा पदर किंवा बहिणीची ओढणी चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. सायलेन्सरवरचे कव्हर काढले असेल तर पोटरी भाजते. भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट आणि हळद लावू नका.

आरसी बुकवरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा, आणि गाडी नावावर करून घेतल्याशिवाय व्यवहार पुरा समजू नका.

गाडी कोणाच्या नावावर?

गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो नोंदणीकृत मालकाचा असतो, आणि त्याच्याकडे वैध लायसन असले तरच लागू होतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि रोज चालवणारा मुलगा, अशी स्थिती असेल तर मुलाला त्या विम्याचे संरक्षण मिळत नाही. मुलगा किंवा मुलगी १८ पूर्ण असेल, तर जो रोज चालवणार त्याच्या नावावर गाडी घ्या, किंवा त्याचा वेगळा अपघात विमा काढा. पॉलिसीवर हा विमा आहे का, हे कागद हातात घेऊन विचारा. बिनलायसन चालवताना दुसऱ्याला इजा झाली तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. त्यात घर विकायची वेळ येते.

हेल्मेट किमतीत धरा

गाडीचे पैसे जमवतानाच दोन हेल्मेटचे पैसे बाजूला काढा. एक चालवणाऱ्याचे, एक मागच्याचे. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा. डोक्यात घातल्यावर गालाला घट्ट लागले पाहिजे, आणि डोके हलवले तर ते डोक्याबरोबर हलले पाहिजे. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यातच उडते. एकदा आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदला. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्के आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्के कमी होतो.

चालवणाऱ्याची तपासणी

लायसन काढण्याआधी सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागच्या बाकावर गप्प बसलेले पोर रस्त्यावरचा खड्डाही उशिरा पाहते. मुलींचे हिमोग्लोबिन पाहा; चक्कर येत असेल तर आधी उपचार करा. फिट येणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हँडल धरू नये आणि ही गोष्ट लपवू नये. रात्रपाळी करून आलेल्याने झोप घेऊनच निघावे. पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात दर वेळी म्हणतो. गाडीच्या किल्लीला हात लावताना ते आठवले पाहिजे.

शिकण्याचा महिना

शिकाऊ लायसन मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. हा महिना सरावाचा आहे. मोकळ्या मैदानात सावकाश चालवणे, आठाचा आकडा काढणे, ठरलेल्या रेघेवर थांबणे, एवढे रोज अर्धा तास करायचे. शिकाऊ लायसनवर मागे बसेल तो फक्त शिकवणारा लायसनधारक. मित्र नाही, बहीण नाही. पहिले तीन महिने रात्री, पावसात आणि महामार्गावर जायचे नाही, हे घरात आधीच ठरवून टाका.

अपघात झालाच तर १०८ ला फोन करा. जखमीला एकदम उचलू नका, मान वळवू नका, पाणी पाजू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाने दाबून धरा. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, किंवा नाका-कानातून पाणी आले तर पोर बोलत असले तरी लगेच दवाखान्यात न्या. २०२५ च्या केंद्र सरकारच्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, म्हणून घाबरून बघत उभे राहू नका.

शेवटी विहार समित्यांना आणि जयंती मंडळांना एक विनंती. १४ एप्रिलच्या रॅलीत एका गाडीवर तिघे, डोके उघडे आणि मूठ पिळलेली, हे दृश्य आपण दरवर्षी पाहतो. यंदा रॅलीत लायसन आणि हेल्मेट असलेल्यांनाच गाडी आणू द्या, बाकीच्यांनी निळा झेंडा घेऊन पायी चालावे. आणि जयंतीच्या आधीचे चार रविवार, वंदनेनंतर, मैदानावर नवशिक्या मुला-मुलींचा सराव घ्या. वस्तीत सावकाश, नीट गाडी चालवणारा एखादा काका किंवा एखादी ताई असतेच. त्यांना बोलवा. डबे, विटा आणि चुन्याची रेघ एवढ्यावर हा वर्ग सुरू होतो.

जयभीम. नमो बुद्धाय.